अर्ज वाचताना वेलांटीवर अडू नये म्हणून

२२ वर्षं मी छापखान्यात प्रुफं तपासली. आता आठ वर्षं एका वसतिगृहाच्या निवड समितीवर आहे. दर जूनमध्ये दोन-अडीचशे अर्ज येतात आणि प्रत्येकाला हाताने लिहिलेलं एक पान जोडलेलं असतं: 'तुम्हाला इथे का राहायचं आहे?' ही पानं वाचायला दरवर्षी नवे स्वयंसेवक येतात. पहिल्याच दिवशी त्यांतलं कुणीतरी एक पान बाजूला सारून म्हणतं, "याला धड लिहितासुद्धा येत नाही." हे टिपण त्यांच्यासाठी. मुलाखती घेणाऱ्यांनी आणि शिक्षकांनीही वाचावं.

आधी माझ्या हातून झालेली चूक सांगते. समितीवरचं माझं दुसरं वर्ष होतं. 'मला शिक्षनाची आवड आहे' या पहिल्याच ओळीवर मी थबकले. पुढे 'आनी', 'पन', 'कोनी'. तीन ओळी वाचून पान 'नाही'च्या गठ्ठ्यात टाकलं. संध्याकाळी समितीतले एक ज्येष्ठ गृहस्थ तो गठ्ठा पुन्हा चाळायला बसले. माझे डोळे शिणले होते, म्हणून ते पानं मोठ्याने वाचत गेले. त्यात हे पान आलं. मुलगा जळगाव जिल्ह्यातला. गावातून एसटी पहाटे सहाला, परतीची रात्री आठला. कॉलेज सुटल्यावरचे तास तो स्टँडवर काढायचा. कोणत्या बाकावर दिव्याचा उजेड नीट पडतो, पावसात तो बाक भिजतो म्हणून मग कुठे बसतो, पासाला आणि वडापावला महिन्याला किती जातात, सगळं त्याने मांडलं होतं. ऐकताना कानाला काही म्हणता काही खटकलं नाही. इतकं नेमकं लिहिलेलं पान त्या वर्षी दुसरं नव्हतं. त्याला जागा मिळाली, पण माझ्यामुळे नाही.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. पहिल्या वाचनाला पेन हातात घ्यायचं नाही. पेन असलं की हात खुणा करतो, आणि खुणांनी भरलेलं पान आपल्याला वाईटच दिसतं. जमलं तर पान दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं. वेलांटी ऐकू येत नाही, मजकूर ऐकू येतो. तो काय म्हणतोय हे आपल्या शब्दांत दोन ओळींत लिहून ठेवायचं आणि मगच पान डोळ्यांसमोर धरायचं.

मग चुका वेगळ्या करायच्या, कारण सगळ्या चुका एका जातीच्या नसतात.

न आणि ण ही कानाची गोष्ट आहे. राज्याच्या कितीतरी भागांत घरोघरी 'पानी' आणि 'लोनी' म्हणतात. खानदेशात डोळ्याचा 'डोया' होतो. जे घरात ऐकलं तेच हाताने लिहिलं. मी पुण्यात वाढले, ण घरात ऐकूनच मोठी झाले. त्यात माझी मेहनत काहीच नाही. उलट कधी कधी 'मणापासून आभार' असं लिहिलेलं दिसतं. तिथे मी आणखी जपून वाचते. न वरून कुणीतरी हसलेलं असतं आणि पोरगं घाबरून दिसेल तिथे ण घालत सुटलेलं असतं.

ऱ्हस्व-दीर्घाला तर कुणाचाच कान मदत करत नाही. बोलताना आपण 'मूल' आणि 'मुलाला' यांतला उकार मोजून काढत नाही. तो पाठच करावा लागतो. 'गरीब' पण 'गरिबाला', 'परिस्थिती' पण 'परीक्षा'. का, तर परि अधिक ईक्षा. हे कुणी समजावून दिलं तर कळणार. शिवाय हे नियम काही आभाळातून पडलेले नाहीत. साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली आले, १९७२ मध्ये आणखी चार. माझी आजी 'नाहीं' आणि 'कां' लिहायची, डोक्यावर अनुस्वार देऊन. तिच्या शाळेत ते बरोबर होतं.

एक प्रयोग करून पाहा. घरात पडलेल्या लग्नपत्रिका आणि शुभेच्छापत्रं काढा. 'आशिर्वाद', 'महत्व', 'उज्वल' हमखास सापडतील. हवं ते आशीर्वाद, महत्त्व, उज्ज्वल. प्राध्यापकांच्या पत्रांतही मी हे शेकडो वेळा दुरुस्त केलं आहे आणि त्यावर कधी कुणाला हसताना पाहिलं नाही. 'पानी' दिसलं की मात्र हशा पिकतो. चूक दोन्हीकडे एका अक्षराचीच. फरक एवढाच की 'पानी' लिहिणारा कुठून आला, कुणाच्या घरातला, ते लगेच कळतं. आपण हसतो ते त्याच्यावर. हे आपल्याकडे जुनंच आहे. जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' १८७३ साली आलं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त फुल्यांच्या भाषेची, व्याकरणाची टवाळी केली. मुद्द्याला उत्तर देण्यापेक्षा ते सोपं होतं.

टाइप केलेला अर्ज असेल तर आणखी एक बघा. 'दुसर्या', 'येणार्या' असं रफार चढवलेलं दिसलं तर बहुतेक वेळा दोष कीबोर्डचा. 'ऱ्या' काढायला वेगळा ऱ लागतो आणि तो अनेकांना सापडतच नाही.

म्हणून काहीच बघायचं नाही का? बघायचं. माझं आयुष्य शुद्धलेखनात गेलंय आणि मला ते प्रिय आहे. अर्थ बदलतो तिथे विचारा: 'आचार्यांना मानधन दिले' आणि 'आचाऱ्यांना मानधन दिले' यांत पैसे गुरुजींना गेले की स्वयंपाक्याला, ते कळलंच पाहिजे. भाषेचा शिक्षक, मुद्रितशोधक, प्रश्नपत्रिका काढणारा यांच्याकडून मी एकही चूक खपवून घेत नाही, कारण तेच त्यांचं काम. सतरा वर्षांच्या मुलाचं काम वसतिगृहात राहून शिकणं हे आहे. शुद्धलेखन तो तिथे शिकेल, आम्हीच शिकवतो.

चूक सांगायची तर चारचौघांत नाही. एकटं गाठून, आधी विचारून, आणि एका वेळी एकच. मी म्हणते, "पान छान लिहिलंस. एक शब्द दाखवू का?" मग 'पाणी' लिहून देते आणि दोघं मिळून मोठ्याने म्हणतो, जीभ टाळ्याला कुठे लागते ते बघत. न आणि ण मधला फरक तोंडात सापडला की मूल पुढचे शब्द आपले आपण शोधतं.

शेवटचं, नावांबद्दल. अर्जात 'सुनिल' किंवा 'किर्ती' दिसलं तर हात आवरा. सुनील, कीर्ती हे आपल्याला माहीत आहे, पण गुणपत्रिकेवर आणि आधारवर जे छापलंय तेच यादीत जायला हवं. तुम्ही वेलांटी सुधारलीत की शिष्यवृत्तीच्या खिडकीवर नाव जुळत नाही म्हणून त्या मुलाला परत पाठवतात आणि तो पुन्हा प्रतिज्ञापत्र करत फिरतो. नाव आहे तसं उतरवा, अक्षर अक्षर लावून.