इंग्लंडमधलं भाड्याचं घर सोडताना डिपॉझिट कसं सांभाळाल

ऑनसाइटचं प्रोजेक्ट संपल्याचा मेल आला की हातात जेमतेम काही आठवडे उरतात. शिपिंगवाला शोधा, मुलांच्या शाळेला कळवा, गाडी विका, तिकिटं काढा. या धावपळीत घराच्या डिपॉझिटचा विचार सगळ्यात शेवटी होतो. मग एजंटकडून कपातीची यादी येते तेव्हा माणूस पुण्याला पोचलेला असतो आणि 'जाऊ दे, कोण भांडत बसणार' म्हणून सोडून देतो. असं पाणी सोडलेले पैसे मी आपल्या माणसांच्या बाबतीत वर्षानुवर्षं पाहत आलोय आणि दर वेळी जीव तुटतो. त्यातले बहुतेक पैसे मागितले असते तर परत मिळाले असते.

पहिली गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. इंग्लंडमध्ये डिपॉझिट शेवटच्या दिवसापर्यंत तुमचंच असतं. घरमालकाला त्यातून काही कापायचं असेल तर का आणि किती, हे त्याने पुराव्यानिशी दाखवायचं असतं. तुम्ही निर्दोष आहात हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं. पुण्या-मुंबईत रंगकामाच्या नावाखाली ठरावीक रक्कम कापणारे घरमालक भेटतात आणि आपण ती मुकाट्याने देतो. ती सवय इथे आणू नका.

2019 च्या टेनंट फीज कायद्याने रकमेलाही मर्यादा घातली आहे. वर्षाचं भाडं 50,000 पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. महिना 1,400 पौंड भाडं असेल तर हिशेब असा: गुणिले 12, भागिले 52, गुणिले 5, म्हणजे सुमारे 1,615 पौंड. एजंटने 'दोन महिन्यांचं द्या' म्हटलं तर थांबा आणि हा हिशेब त्याच्यासमोर ठेवा.

हे पैसे मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत घरमालकाने ते सरकारमान्य योजनेत सुरक्षित करायचे असतात. अशा तीन योजना आहेत: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. काही ठिकाणी पैसे योजनेकडेच जमा असतात, काही ठिकाणी घरमालकाकडे राहतात आणि योजना त्यांचा विमा उतरवते. कोणत्या योजनेत ठेवलेत याचे कागदही त्याच 30 दिवसांत तुमच्या हाती यायला हवेत. आले नाहीत तर वाट पाहू नका. तिन्ही योजनांच्या साइटवर पोस्टकोड, आडनाव, तारीख वगैरे टाकून डिपॉझिट नोंदलंय का ते स्वतः तपासता येतं.

एक सावधगिरी मात्र हवी. लंडनमध्ये हाउन्स्लो किंवा वेम्ब्लीला एखाद्याच्या राहत्या घरात खोली घेऊन राहत असाल आणि मालक त्याच घरात राहत असेल, तर तुम्ही 'लॉजर' ठरता आणि हे संरक्षण तुम्हाला लागू होत नाही. आपल्याच गावचा माणूस आहे म्हणून रोख देऊन मोकळे होऊ नका. बँकेतून द्या, कशासाठी दिले ते संदर्भाच्या रकान्यात लिहा आणि पावती घ्या. स्कॉटलंडला निघाला असाल तर तिथल्या योजना आणि मुदती वेगळ्या आहेत. हे सगळं इंग्लंडपुरतं समजा.

आता कळीचा मुद्दा. डिपॉझिट परत मिळणार की नाही, हे बरंचसं घरात शिराल त्या आठवड्यातच ठरतं. चावीबरोबर 'इन्व्हेंटरी' येते: खोलीगणिक काय आहे आणि कसल्या अवस्थेत आहे याची नोंद. बरेच जण ती न वाचताच सही करतात. बॉक्स उघडण्याआधी ती हातात घेऊन घरभर फिरा. कार्पेटवरचा डाग, ओट्याच्या कडेचा टवका, खिडकीच्या कोपऱ्यातली काळी बुरशी, ओव्हनच्या काचेवरचं जुनं तेल, गादीची मागची बाजूसुद्धा बघा. प्रत्येकाचा फोटो काढा. कपाटं आणि फ्रिज उघडून काढा. आणि हे फोटो फक्त फोनमध्ये ठेवू नका, एजंटला ईमेलने पाठवा. इन्व्हेंटरीवर हरकत कळवायला सहसा आठवडाभर मिळतो, त्या आत पाठवलेला मेल हा तारखेसकट पुरावा असतो. पुढे वाद झालाच तर निवाडा करणारा माणूस घर बघायला येत नाही. तो फक्त कागद आणि फोटो बघतो.

राहत असताना काही बिघडलं तर तेही लेखी कळवत राहा. बाथरूममध्ये ओल येते हे फोनवर सांगितलं तर ते हवेत जातं. दोन ओळींचा मेल पुरे.

घर सोडताना आपल्या माणसांची कपात कशात होते, ते आता जरा सविस्तर सांगतो. आपलं स्वयंपाकघर रोज चालतं. फोडणीचा धूर वर चिमणीच्या जाळीत बसतो आणि थिजून चिकट पिवळा थर होतो. ती जाळी काढून गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणात रात्रभर बुडवून ठेवा. वरच्या कपाटांच्या माथ्यावर हात फिरवा, तिथेही तोच थर सापडेल, आणि तपासायला येणारा क्लार्क तिथे हमखास बोट फिरवतो. ओव्हन हा तर कपातीचा राजा. आपण त्यात भाजतो कमी आणि कढया ठेवतो जास्त, पण आधीच्या भाडेकरूचंही तेल आपल्या नावावर लागतं.

हळदीचा डाग पांढऱ्या ओट्यावर किंवा सिंकभोवतीच्या सिलिकॉनवर पडला की लोक घाबरून सोडा घासतात आणि डाग लालभडक होतो. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तीच ही गोष्ट. सोड्याने तसंच होतं. हळद उन्हाने उडते. ओट्यावर खिडकीतून ऊन येत असेल तर डाग ओला करून दिवसाचा पडदा उघडा ठेवा, बराच फिका पडतो. इथलं ऊन मोजकं, म्हणून हे काम शेवटच्या दिवसावर टाकू नका. गॅसवरून काढलेला कुकर थेट लॅमिनेटच्या ओट्यावर ठेवल्याने जो गोल फुगवटा येतो, त्याला मात्र उपाय नाही. ते नुकसानच धरतात, आणि ओट्याचा अख्खा तुकडा बदलायचा खर्च मागतात. पहिल्या दिवसापासून लाकडी पाट किंवा जाड मॅट वापरा.

देवघराचं म्हणाल तर समईच्या वर भिंतीवर काजळी धरते आणि उदबत्तीची राख कार्पेटवर पडते. देव भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, खाली ताट ठेवा आणि भिंतीला खिळा ठोकण्याआधी लेखी परवानगी घ्या.

लंडन आणि आग्नेय इंग्लंडात पाणी जड आहे. शॉवरच्या काचेवर आणि नळाच्या बुडाशी पांढरे क्षार साचतात. पांढरं व्हिनेगर लावून अर्धा तास ठेवलं की निघतात. संगमरवरावर मात्र व्हिनेगर लावू नका, दगड खराब होतो. थंडीत कपडे घरात वाळवल्याने खिडक्यांवर पाणी धरतं आणि बुरशी येते. खिडकीच्या वरची छोटी झडप उघडी ठेवा, सकाळी काचा पुसा. बुरशी इमारतीच्या दोषाने आलीय की तुमच्या वापराने, यावर वाद होतो. तिथे तुमचे जुने मेल कामाला येतात.

'घराला मसाल्याचा वास येतो' असंही कुणी म्हणेल. केंटमधल्या एका घरमालकाने 'करी'च्या वासाचं कारण पुढे करून भारतीय आणि पाकिस्तानी लोकांना घरं द्यायची नाहीत असं फर्मान काढलं होतं. 2017 मध्ये मेडस्टनच्या कोर्टाने ते बेकायदेशीर ठरवलं. घर नीट हवेशीर करून द्या, पण आपल्या स्वयंपाकाची लाज वाटून कपात मान्य करू नका.

कपातीच्या यादीत दोन गोष्टी हमखास चुकीच्या असतात. पहिली, साध्या वापराने होणारी झीज. चालून दबलेलं कार्पेट, उन्हाने फिका पडलेला पडदा, सोफ्यामागे भिंतीवर आलेली घासट: याचे पैसे घेता येत नाहीत. कायद्याच्या भाषेत याला 'फेअर वेअर अँड टेअर' म्हणतात, आणि मुलंबाळं असलेल्या घरात ती जास्त होणार हेही धरलं जातं. दुसरी, जुन्याच्या बदल्यात नवं मागणं. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याला कार्पेट जळाल्याबद्दल पूर्ण नव्या कार्पेटचं बिल लावलं. जळका डाग त्यांनीच पाडला होता, हे खरं. पण 500 पौंडांचं कार्पेट दहा वर्षं टिकेल असं धरलं आणि ते आठ वर्षं वापरलेलं असेल तर उरलेली किंमत 100 पौंड. तेवढेच मागता येतात. त्यांनी हा हिशेब मांडून मेल केला आणि एजंट खाली आला.

साफसफाईबद्दलही एक सांगतो. 'अमुक कंपनीकडूनच प्रोफेशनल क्लीनिंग करा' अशी सक्ती करता येत नाही. घर मिळालं तेव्हा जितकं स्वच्छ होतं तितकं स्वच्छ करून द्यायचं, एवढंच बंधन आहे. स्वतः करा किंवा माणूस लावा. माणूस लावलात तर पावती ठेवा.

नोटीस लेखी द्या. 1 मे 2026 पासून खासगी भाड्याच्या घरांना ठरावीक मुदतीचे करार राहत नाहीत आणि भाडेकरू दोन महिन्यांची नोटीस देऊन केव्हाही निघू शकतो, त्यामुळे प्रोजेक्ट अचानक संपणाऱ्यांना दिलासा आहे. पण शेवटच्या महिन्याचं भाडं 'डिपॉझिटमधून वळतं करा' म्हणून थांबवू नका. ती थकबाकी ठरते, आणि तुमची बाजू उगाच कमकुवत होते.

चेकआउटच्या वेळी स्वतः हजर राहा. सामान निघाल्यावर, सफाई झाल्यावर, रिकाम्या घराचे फोटो पुन्हा त्याच कोनांतून काढा जिथून पहिल्या दिवशी काढले होते. वीज, गॅस, पाण्याच्या मीटरचे आकडे टिपा. चाव्या सगळ्या द्या, खिडक्यांच्या आणि टपालपेटीच्यासुद्धा, आणि मिळाल्याचं लिहून घ्या. दरवाजा बंद झाल्यावर परत जाऊन ओव्हन पुसायची संधी मिळत नाही.

चौघांनी मिळून घर घेतलं असेल तर डिपॉझिट एकच असतं आणि जबाबदारी सगळ्यांची. एकाच्या खोलीतलं नुकसान चौघांच्या पैशांतून जातं. मध्येच कुणी निघून नवा आला तर नाव बदलून घ्या. त्यासाठी साधारणपणे 50 पौंडांपेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही. नुसत्या आपापसातल्या देवाणघेवाणीवर राहिलात तर जुना माणूस भारतात आणि पैसे त्याच्या नावावर, अशी गत होते.

आणि भारतात परतणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं: योजनेत ऑफिसचा ईमेल देऊ नका, तो शेवटच्या दिवशी बंद होतो. पैसे हातात येईपर्यंत इथलं बँक खातं आणि ओटीपी येणारा फोन नंबर चालू ठेवा.

दोघांचं रकमेवर एकमत झालं की दहा दिवसांत पैसे मिळायला हवेत. मतभेद असेल तर ज्यावर वाद नाही ती रक्कम आधी मागून घ्या आणि उरलेल्यासाठी योजनेकडे तंटा दाखल करा. त्याला एक पैसाही लागत नाही, वकील लागत नाही, भारतातून ऑनलाइन होतं. पण वेळ काढू नका, विमा प्रकारच्या योजनांत घर सोडल्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल करावं लागतं. मजकूर मुद्देसूद लिहा: त्यांनी काय मागितलंय, पहिल्या दिवशीची नोंद काय, शेवटच्या दिवशीचा फोटो काय. राग लिहू नका.

डिपॉझिट योजनेत ठेवलंच नव्हतं असं निघालं, तर काउंटी कोर्टात दावा करता येतो. कोर्ट डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम तुम्हाला द्यायला लावू शकतं. हा दावा घर सोडल्यावरही करता येतो. त्याआधी घरमालकाला एक लेखी पत्र पाठवा, आणि ते लिहिताना शेल्टर किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थांकडून मोफत सल्ला घ्या. बऱ्याचदा त्या पत्रावरच पैसे जमा होतात.