ट्रॅव्हल ट्रेलरची चाके उघडून पाहताना : बेअरिंग आणि ब्रेक यांची वार्षिक तपासणी

मोटारीचे चाक बिघडू लागले की चालवणाऱ्याला ते कळते. स्टिअरिंग थरथरते, पेडल खोल जाते, कानावर घरघर येते. मागे जोडलेल्या ट्रॅव्हल ट्रेलरचे, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराचे, तसे नसते. त्याचे बेअरिंग तापून निळे पडले, लायनरवर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीवर, ग्रीस पसरले किंवा चारांपैकी दोन ब्रेक वर्षभर मेलेलेच राहिले, तरी पुढची पिकअप आपल्या ताकदीने सगळे ओढत राहते आणि चालकाला काही जाणवत नाही. म्हणून अमेरिकेत ट्रेलर बाळगणाऱ्या मराठी कुटुंबांना माझे आग्रहाने सांगणे आहे, की वर्षातून एकदा सगळी चाके उतरवावीत, त्यांच्यामागचे ब्रेकचे ड्रम काढावेत आणि आतले सारे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

ॲक्सल बनवणारे यासाठी १२ महिने किंवा १२,००० मैल, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मुदत सांगतात. सुट्टीपुरता बाहेर निघणारा ट्रेलर क्वचितच इतके मैल कापतो, त्यामुळे बहुतेकांना महिन्यांचीच अट लागू होते. ‘फारसा चालवलाच नाही’ हे कारण येथे उपयोगाचे नाही. थंडीचे पाच-सहा महिने एका जागी उभ्या असलेल्या ट्रेलरच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या, बेअरिंग असलेल्या भागात, दमट हवेतले पाणी साचते, जुने ग्रीस रोलरवरून ओघळून खाली बसते आणि रोलर जेथे टेकलेले असतात तेथे गंजाच्या बारीक आडव्या रेषा उमटतात. वसंतात पहिल्या सहलीला निघताच त्या रेषांवरून धातूचे पापुद्रे सुटू लागतात.

अनेक ॲक्सलच्या टोकाला रबरी बुचाखाली ग्रीसचे निपल असते आणि गनने ग्रीस भरले की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. मी घेतलेला जुना ट्रेलर असाच ‘यंदा ग्रीस केलेला’ होता, तशी एका दुकानाची पावतीही सोबत होती. उजवीकडचा मागचा ड्रम उघडला तेव्हा जोराने भरलेले ग्रीस ते अडवणारे ऑइल सील ओलांडून आत गेलेले आणि दोन्ही ब्रेक शू, म्हणजे लायनर बसवलेल्या कमानी, त्यात भिजलेले आढळले. निपलची सोय वाईट नाही. हातगनने, चाक फिरवत, हळूहळू भरले तर ती चालते. मात्र निपलमधून बेअरिंग दिसत नाही, सील दिसत नाही आणि ब्रेक तर मुळीच दिसत नाहीत. तपासणीला तो पर्याय होऊ शकत नाही.

उचलण्यापूर्वी

ट्रेलर सपाट, टणक जागी पिकअपला जोडलेलाच ठेवावा आणि विरुद्ध बाजूच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. जॅक नेहमी चासीच्या मुख्य पोलादी पट्टीखाली, ॲक्सलच्या जवळ लावावा; ॲक्सलच्या नळीखाली किंवा स्प्रिंगच्या पाट्यांखाली लावल्यास नळी वाकून चाकांची सरळ रेषा कायमची बिघडू शकते. उचलल्यावर भार जॅक स्टँडवर उतरवावा. नुसत्या जॅकवर तोललेल्या ट्रेलरखाली हात घालू नये.

चाक हवेत आले की उतरवण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. वरच्या आणि खालच्या कडेला हात ठेवून चाक आत-बाहेर हलवून पाहावे. स्पष्ट प्ले (सैलपणा) जाणवला तर बेअरिंगचा नट सैल आहे किंवा बेअरिंग झिजले आहे. मग चाक हाताने फिरवून कान द्यावा. ब्रेक शू घासल्याचा हलका, एकसारखा आवाज चालेल, पण खडखड किंवा वाळू भरडल्यासारखी घरघर आली तर ते बेअरिंग बदलण्याची तयारी ठेवूनच पुढे जावे.

बेअरिंग

डस्ट कॅप हलक्या हातोडीने चारही बाजूंनी ठोकत काढावी, नट सुटू न देणारी कॉटर पिन सरळ करून ओढावी, कंगोऱ्यांचा नट आणि वॉशर काढावा. ड्रम थोडा पुढे ओढताच बाहेरचे लहान बेअरिंग हातात येते. आतले मोठे बेअरिंग सीलच्या मागे राहते आणि सील उचकटल्यावर निघते. उचकटलेले सील पुन्हा बसवायचे नसते. नव्या सीलची किंमत लायनरच्या मानाने अगदी किरकोळ आहे.

कोणते भाग कोणत्या चाकातून निघाले याची गल्लत होऊ देऊ नये, कारण प्रत्येक बेअरिंग आपल्या कपवरच, म्हणजे ड्रममध्ये बसवलेल्या बाहेरच्या कडीवरच, झिजून बसलेले असते. सर्व जुने ग्रीस विद्रावकाने आणि ब्रशने पूर्ण धुऊन भाग वाळवावेत. वाळवताना दाबाच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवण्याचा मोह टाळावा, कारण कोरडे रोलर त्या वेगात पिंजऱ्यातून सुटून डोळ्याला इजा करू शकतात.

धुतलेले बेअरिंग चांगल्या उजेडात न्याहाळावे. रोलर आणि कप आरशासारखे एकसारखे राखाडी-चकचकीत असावेत. खड्डे, उडालेले पापुद्रे, गंजाच्या रेषा, नखाला लागणारे ओरखडे किंवा निळसर-तपकिरी झाक यांपैकी एकही खूण दिसली तर बेअरिंग बाद समजावे. निळी झाक म्हणजे पोलाद अतिशय तापून त्याचा कडकपणा गेला. बेअरिंग बदलताना कपही त्याच्याबरोबरच बदलावा, जुन्या कपात नवे रोलर घालू नयेत. भागांवर क्रमांक कोरलेले असतात. ३,५०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे १,५९० किलोंच्या सर्वसाधारण ॲक्सलवर बहुधा आत एल ६८१४९ आणि बाहेर एल ४४६४९ आढळतात, तरीही विकत घेण्यापूर्वी आपल्याच भागावरचा क्रमांक वाचावा. एक जोडी आधीच ग्रीस भरून, नव्या सीलसह, ट्रेलरमध्ये ठेवली की रविवारी संध्याकाळी एखाद्या निर्जन महामार्गावर अडकून पडण्याची वेळ येत नाही.

ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स प्रकारचे, एनएलजीआय २ दर्जाचे (हा ग्रीसच्या घट्टपणाचा क्रमांक) आणि चाकांच्या बेअरिंगसाठी योग्य असे लिहिलेले घ्यावे. वेगवेगळ्या मूळ घटकांची ग्रीसे एकत्र आली तर मिश्रण पातळ होऊन गळू शकते, आणि रंगावरून ग्रीसचा प्रकार ओळखता येत नाही. म्हणूनच जुने ग्रीस पूर्ण धुण्याचा एवढा आग्रह. भरताना तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यावा आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहावे, म्हणजे ग्रीस रोलरांच्या फटींमधून वरच्या अरुंद कडेने बाहेर येते. पूर्ण वर्तुळभर ते बाहेर आलेले दिसेपर्यंत थांबू नये. वरवर माखलेले बेअरिंग आतून कोरडेच राहते.

आतले बेअरिंग ठेवून नवे सील लाकडी ठोकळ्याने सरळ, कडेशी सपाट होईपर्यंत ठोकावे, त्याच्या ओठाला थोडे ग्रीस लावावे आणि ड्रम तिरका न होऊ देता स्पिंडलवर, म्हणजे ॲक्सलच्या टोकाच्या दांड्यावर, चढवावा. यानंतर नट कसणे हा सर्वांत नाजूक टप्पा. ड्रम फिरवत फिरवत नट टॉर्क पान्याने सुमारे ५० फूट-पौंडांपर्यंत (पिळण्याच्या जोराचे माप) कसावा, म्हणजे भाग नीट बसतात. मग ड्रम न फिरवता नट सैल करावा आणि फक्त बोटांनी, टेकेपर्यंत, पुन्हा फिरवावा. पिनचे भोक जुळत नसेल तर नट किंचित मागे घ्यावा; भोक जुळवण्यासाठी तो पुढे कसू नये. नवी कॉटर पिन घातल्यावर नट जागच्या जागी जरा हलला पाहिजे. मोटारीच्या घट्टपणाची सवय असलेल्या हाताला हे चुकीचे वाटते, पण घट्ट कसलेले शंकूच्या आकाराचे बेअरिंग काही मैलांतच तापून जळते.

ब्रेक

अनेक राज्यांत ३,००० पौंडांपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे कायद्याने आवश्यक आहे आणि ट्रॅव्हल ट्रेलरवर ते बहुधा विजेवर चालतात. पिकअपमधल्या, ट्रेलरच्या ब्रेकना वीज देणाऱ्या कंट्रोलरकडून वीज आली की चुंबक ड्रमच्या आतल्या सपाट तोंडाला चिकटून त्याच्याबरोबर ओढला जातो, त्याला जोडलेली दांडी वळते आणि शू ड्रमवर दाबले जातात. त्यामुळे येथे लायनर जितका महत्त्वाचा तितकाच चुंबक आणि ते सपाट तोंडही.

धूळ हवेने उडवू नये, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसावी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता गृहीत धरावी. लायनर १/१६ इंच, म्हणजे दीड मिलिमीटरपर्यंत आला, तडकला किंवा ग्रीसने भिजला तर बदलावा. ग्रीस प्यायलेला लायनर धुऊन किंवा तापवून सुधारत नाही. एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे शू एकदमच बदलावेत, नाहीतर ब्रेक लावताच ट्रेलर एका बाजूला खेचेल. बसवताना आखूड लायनरचा शू पुढच्या बाजूला आणि लांब लायनरचा मागच्या बाजूला येतो. चुंबकाच्या तोंडावर पोलादी पट्टी टेकवून ते सपाट आहे का ते पाहावे, आणि झिजलेल्या तोंडातून तांब्याच्या तारेची गुंडाळी डोकावत असेल तर तो बदलावा. ड्रम झिजून जास्तीत जास्त किती रुंद झालेला चालेल, तो कमाल व्यास त्यावर कोरलेला असतो. १० इंची ड्रमसाठी तो सामान्यतः १०.०९० इंच असतो.

विजेची तपासणी बहुतेक जण टाळतात, वास्तविक मेलेल्या ब्रेकचे कारण बहुधा तेथेच सापडते. मल्टिमीटरने सुट्या चुंबकाच्या दोन तारांमध्ये साधारण ३ ते ४ ओहम दिसले पाहिजेत. मीटर अनंत दाखवत असेल तर गुंडाळी तुटली आहे, शून्याजवळ असेल तर शॉर्ट झाली आहे. पूर्ण वीज दिल्यावर १० किंवा १२ इंची ब्रेकचा प्रत्येक चुंबक सुमारे ३ अँपिअर घेतो, म्हणून चार ब्रेक असलेल्या ट्रेलरच्या ब्रेकना वीज नेणाऱ्या निळ्या तारेवर सुमारे १२ दिसावेत; ९ दिसले तर एक ब्रेक गेला असे समजावे. ॲक्सलच्या नळीतून ओवलेली तार आत घासून उघडी पडते, आणि ग्राउंडच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या, पांढऱ्या तारेचा जोड गंजतो. मी तरी शोध याच दोन जागांपासून सुरू करतो.

ट्रेलर पिकअपपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विचही विसरू नये. ट्रेलरचा प्लग पिकअपमधून काढून पिन ओढावी, ब्रेक लागल्याची खात्री करावी आणि पिन लगेच परत घालावी. ती जास्त वेळ बाहेर ठेवली तर चुंबक तापतात आणि बॅटरी उतरते.

शू आणि ड्रम यांतले अंतर आपोआप जुळणारे ब्रेक नसतील तर ड्रममागच्या स्थिर पत्र्याच्या, म्हणजे बॅकिंग प्लेटच्या, खालच्या फटीतून दातेरी चाकी फिरवावी. चाक हाताने फिरवणे अवघड होईपर्यंत कसावी, मग चाक मोकळे फिरून लायनरचा हलका स्पर्श तेवढा उरेल इतकी मागे घ्यावी. नव्या ब्रेकची ही जुळवणी पहिल्या २०० मैलांनंतर आणि पुढे दर ३,००० मैलांनी करावी. नवे लायनर बसले की रिकाम्या रस्त्यावर ट्रेलरच्याच ब्रेकने ताशी ४० मैलांवरून २० मैलांवर येणे असे २०-३० वेळा करावे, म्हणजे लायनर ड्रमशी जुळतो.

रस्त्यावर

चाकाचे नट एकाआड एक, चांदणीच्या आकारात, तीन टप्प्यांत कसावेत. अर्ध्या इंची बोल्टसाठी आधी २० ते २५, मग ५० ते ६० आणि शेवटी ९० ते १२० फूट-पौंड. चाक बसवल्यावर १०, २५ आणि ५० मैलांनी ते टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत.

कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना ७ टक्क्यांचा सलग उतार लागतो. खंडाळ्याच्या घाटात शिकवला जाणारा नियम, ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचे, तेथेही जसाच्या तसा लागू होतो. ब्रेक सतत दाबून ठेवले तर ड्रम तापतात, त्यांची आच हबमधल्या ग्रीसपर्यंत पोहोचते आणि बेअरिंगचे आयुष्य त्या एका उतारात कमी होते.

पेट्रोल भरायला थांबले की प्रत्येक हबजवळ हाताची मागची बाजू न्यावी, किंवा इन्फ्रारेड थर्मामीटरने आकडा पाहून वहीत लिहावा. आकडा किती यापेक्षा चारही हब एकमेकांच्या जवळपास आहेत का, हे महत्त्वाचे. उन्हाच्या बाजूची चाके थोडी जास्त गरम असतात आणि उतारानंतर सगळीच तापतात. पण एकच हब इतरांपेक्षा ठळकपणे तापला असेल तर तेथे बेअरिंग बिघडते आहे किंवा ब्रेक चिकटून राहिला आहे, आणि ते चाक उघडून पाहिल्याशिवाय पुढे निघू नये.