कोअरबूट टाकलंय तरी लॅपटॉप उशिरा चालू होतोय? आधी वेळ मोजा

माझ्या लायनक्सवाल्या जुन्या थिंकपॅड एक्स230 वर कोअरबूट (कंपनीच्या बायॉसऐवजी टाकायचं मुक्त फर्मवेअर, म्हणजे चालू होताच चालणारा पहिला प्रोग्राम) टाकलं, डिस्कही नवीन एसएसडी बसवली, आणि तरी पासवर्डची स्क्रीन यायला दोन मिनिटं लागायला लागली. मला वाटलं फ्लॅश करताना, म्हणजे फर्मवेअर चिपवर लिहितानाच काहीतरी चुकलं, पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेला प्रोग्रामर (चिपवर लिहायचं यंत्र) आणि क्लिप परत बाहेर काढून लॅपटॉप उघडणारच होतो, थांबलो ते बरं झालं, कारण फर्मवेअरची काहीच चूक नव्हती.

म्हणून सांगतो, आधी मोजा. टर्मिनलमध्ये बूटचा वेळ दाखवणारं 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ' चालवा, पण कोअरबूटसोबत सीबायॉस (डिस्कवरून बूट सुरू करून देणारा भाग) असेल तर यात कर्नल, म्हणजे लायनक्सचा गाभा, आणि त्याच्या पुढचाच वेळ दिसतो, आधीचा धरलेलाच नसतो. तो बघायला कोअरबूटचं 'सीबीमेम' आहे, सुडो लावून 'डॅश टी' द्या, रॅम तयार व्हायला किती वेळ गेला इथपासून सगळं मायक्रोसेकंदात येतं. फ्लॅश केल्यावर किंवा रॅम बदलल्यावर पहिला बूट उशिराच होणार, रॅमचं ट्रेनिंग (तिच्या सेटिंगची जुळवाजुळव) चालतं आणि मग ते चिपमध्ये सेव्ह होतं, त्यामुळे दुसऱ्या बूटपासूनचे आकडे धरा.

आता माझं दुखणं कुठे सापडलं ते. ग्रबच्या (लायनक्स सुरू करणाऱ्या बूटलोडरच्या) मेनूत ई दाबून लायनक्सच्या ओळीतले बूटचे मेसेज लपवणारे क्वायट आणि स्प्लॅश हे शब्द खोडले, एफ10 दाबलं, तर स्क्रीनवर लाल चांदण्या इकडून तिकडे पळतायत आणि शेजारी 1 मिनिट 30 सेकंदांची मर्यादा लिहिलेली. डिस्क बदलताना स्वॅप पार्टिशन (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) नवीन झालं, त्याचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, बदलला, पण एफएसटॅबमध्ये (बूटला कोणती पार्टिशन जोडायची त्या यादीच्या फाइलमध्ये) जुनाच राहिला होता, म्हणजे मशीन बिचारं नसलेल्या पार्टिशनची 90 सेकंद वाट बघत बसायचं. सुडो लावून 'बीएलकेआयडी' चालवा, खरा यूयूआयडी एफएसटॅबमध्ये टाका. डेबियन-उबुंटूवर इनिटरॅमएफएस (कर्नलसोबत सुरुवातीला लोड होणारी छोटी सिस्टम) बनवणाऱ्या इनिटरॅमएफएस-टूल्सच्या कॉन्फ.डी फोल्डरमध्ये रिझ्यूम नावाची फाइल असेल तर तिथेही तोच बदला आणि इनिटरॅमएफएस अपडेट करा, नाहीतर तिथे वेगळं थांबणं होतं.

मग 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ क्रिटिकल-चेन' बघा, बूट खरंच कोणासाठी अडला ती साखळी त्यात दिसते. बरेच जण नुसतं 'ब्लेम' (कोणत्या सर्व्हिसला किती वेळ लागला ती यादी) बघून वरच्या सर्व्हिस बंद करत सुटतात, तसं करू नका, त्या एकाच वेळी चालतात, जास्त सेकंद दिसले म्हणजे तिच्यामुळेच बूट अडलाय असं नाही. नेटवर्क जोडलं जाईपर्यंत थांबणारी नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन मात्र बिनधास्त डिसेबल करा, फक्त बूटच्या वेळी नेटवर्कवरचं फोल्डर माउंट होत असेल तर राहू दे.

ग्रबचा टाइमआउट डेबियनवर 5 सेकंद असतो, तो 1 करा आणि 'अपडेट-ग्रब' चालवा. शून्य नको, कर्नल बिघडला तर जुना निवडायला तेवढी फट लागते.

सीबायॉसही बूट मेनूसाठी अडीच सेकंद थांबतो. ते कोअरबूटच्या 'सीबीएफएसटूल'ने रॉममध्ये (फर्मवेअरच्या फाइलमध्ये) 'बूट-मेनू-वेट'चा आकडा टाकून कमी होतं, आकडा मिलिसेकंदात, 500 पुरेसे. पण यासाठी परत फ्लॅश करावं लागतं, म्हणून जुन्या रॉमची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या, बॅटरी फुल ठेवा आणि चार्जरही लावून ठेवा, पावसाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी लाइट कधी जाईल सांगता येत नाही. आणि चिपवर लिहिणाऱ्या फ्लॅशरॉम प्रोग्रामने व्हेरिफाइड असं लिहिल्याशिवाय मशीन बंद करू नका, एरर आला तर चालूच ठेवून जुना रॉम परत लिहा.