गाठ बोटाला लागते, फोटोत दिसत नाही तेव्हा

स्तनातल्या गाठीचं निदान मशीनपेक्षा तयारीत जास्त चुकतं. म्हणून आधी बाईला स्वतःच्या बोटाने गाठ दाखवायला सांगा. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या बाईला आपली बोली कळली नाही, तरी तिचं बोट बरोबर जागी जातं. ती जागा फोटोत ओळखता यावी म्हणून तिथे कातडीवर धातूचा बारीक मणी चिकटवा, मग मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) करा. वय 30 च्या आत असेल तर आधी सोनोग्राफी, चाळिशीपुढे दोन्ही.

उन्हाळ्यात जळगावला पारा 44 च्या वर जातो, बायका घामोळ्याची पावडर लावून येतात. त्या पावडरीचे कण फोटोत स्तनातल्या कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि फसवतात. काख आणि स्तनाखालची घडी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. बाजूने तिरक्या घेतलेल्या फोटोत छातीचा स्नायू स्तनाग्राच्या पातळीपर्यंत उतरलेला दिसला पाहिजे, नाहीतर मागचा भाग सुटला समजा. मशीनच्या पट्ट्यांचा स्तनावरचा दाब कमी पडला तर थर एकमेकांवर चढतात आणि खरी गाठ झाकली जाते.

सोनोग्राफीला 12 मेगाहर्ट्झ किंवा त्यावरचा लिनियर प्रोब (कातडीवर फिरवायचा सरळ तोंडाचा) घ्या. हात डोक्याखाली, बाहेरच्या भागासाठी पाठीखाली उशी. गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, असा ठेवा की चरबी मध्यम करडी दिसेल. इथली चूक सगळ्यात महागात पडते: गेन कमी असला की भरीव गाठ काळीभोर दिसते आणि रिपोर्टात ‘पाण्याची गाठ’ असं लिहिलं जातं. पाण्याच्या गाठीमागे दिसतो तसा उजळ पट्टा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, काही जोमाने वाढणाऱ्या कॅन्सरच्या गाठींमागेही तो दिसतो. डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोय) लावा, पण हात हलका ठेवा. प्रोब दाबला तर बारीक रक्तवाहिन्या मिटतात. आत रक्तप्रवाह दिसला तर ती साधी पाण्याची गाठ नाही.

स्तन म्हणजे घड्याळाची तबकडी असं धरून रिपोर्टात जागा नेमकी लिहा: ‘उजवा स्तन, 10 वाजता, स्तनाग्रापासून 4 सेंमी’. गाठ हाताला लागते आणि मॅमोग्राफी स्वच्छ, तरी तपास थांबवायचा नाही. दाट (चरबी कमी असलेल्या) स्तनात गाठ लपते.

रिपोर्टात संशयाची पातळी बायरॅड्स या आकड्याने देतात. बायरॅड्स 3 म्हणजे कॅन्सरची शक्यता 2 टक्क्यांपेक्षा जास्त नाही, 6 महिन्यांनी पुन्हा तपासणी. पण दिवाळीनंतर टोळी ऊसतोडीला निघणार असेल, तर ती तारीख कागदावरच राहते. अशा वेळी बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) आत्ताच केलेली बरी.

बायरॅड्स 4 आणि 5 ला 14 गेजच्या (जाडीचं माप) सुईने तुकडा घ्यावा. फोटो बायरॅड्स 5 चा आणि तुकडा साधा (कॅन्सर नसलेला) निघाला, तर सुई गाठीत गेलीच नसेल असं धरून तुकडा पुन्हा घ्यावा, नाहीतर गाठच काढून तपासायला पाठवावी.