मळ्यातल्या दगडी वाड्याचा इतिहास कसा शोधावा

आमच्या औसा तालुक्यात 1993 च्या भूकंपानंतर दगडी वाडे भराभर उतरवले गेले. 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीकडे मातीत रचलेल्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्या भीतीला मी नावं ठेवत नाही. पण जे वाडे तगले त्यांची नोंद व्हावी, असं मला फार वाटतं.

तहसीलला जाण्याआधी वाडाच नीट बघा. कोपऱ्यावरचे घडीव दगड दोन्ही भिंतींत गुंतलेले असतील, तर त्या भिंती एकदमच उठलेल्या. वरपासून खालपर्यंत सरळ फट दिसली, तर पलीकडची खोली मागाहून जोडलेली. ढाळज (दाराजवळची बैठक), ओसरी, माळवदाचे (मातीच्या सपाट छताचे) खण, भिंतीतलं बळद (धान्याची कोठी), अंगणातलं पेव (धान्याचा जमिनीखालचा खड्डा), सगळं टेपनं मोजून कागदावर काढा. माळवद गळत असेल तर टेकू दिल्याशिवाय आत जाऊ नका.

मग जुन्या माणसांजवळ बसा आणि साल विचारूच नका. विचारा, माडी रझाकाराच्या आधी होती का? बहात्तरच्या दुष्काळात पेवात ज्वारी होती का? माझ्या आजीला सन कधी सांगता आला नाही, पण वडारांनी दगड कुठून आणला, आड कधी खोदला आणि ती नांदायला आली तेव्हा चौकात फरशी होती की शेणाचा सडा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. माझ्या मते घरच्या सुनांना विचारावं. पुरुष जमिनीचं सांगतात, घराचं बायाच सांगतात.

कागदांत आधी 1954-55 चं खासरा पत्रक (जमिनीच्या नोंदीचा कागद) काढा. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज देताना गट नंबरासोबत जुना सर्व्हे नंबरही लिहा. निजामकाळचे कागद बरेचसे उर्दूत, काही मोडीत. जाणकाराकडून वाचून घ्या. त्यांतल्या फसली (महसुली) सालात 590 मिळवा, की इसवी सन निघतं: फसली 1310 म्हणजे 1900-01. चौकटीवर शके कोरलेला असेल तर 78 मिळवा. खासऱ्यात पणजोबांचं नाव निघालं म्हणून वाडा त्यांनीच बांधला, असं मात्र लिहू नका. तो कागद जमिनीचा आहे.

कोणती माहिती कुणी सांगितली, कोणती कुठल्या कागदातून आली, हे शेजारीच टिपा. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत द्या. राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे संरक्षणाची मागणी करायची झाली, तर हीच टिपणं अर्जाला जोडा. तोवर दगडांमधल्या दरजांत सिमेंट भरू देऊ नका, चुना वापरा. मातीतल्या बांधकामाची ओल सिमेंटमागे कोंडते आणि भिंत आतून पोकळ होते.