परदेशातील खेड्यात स्वयंसेवेसाठी जाताना: यजमान घरात राहण्याची पूर्वतयारी

परदेशातील एखाद्या खेड्यात काही महिने राहून काम करण्याची इच्छा असलेले विद्यार्थी, परिचारिका आणि निवृत्त शिक्षक आता सोलापुरातही भेटतात. त्यांची चौकशी बहुधा तिकीट, व्हिसा आणि एकूण खर्च यांपासून सुरू होते. माझे आग्रहाचे सांगणे असे की, ती आपण ज्या घरात उतरणार आहोत त्या घरापासून सुरू व्हावी. आपल्या कामाचा गावाला किती उपयोग झाला हे कळायला बराच काळ जातो; परंतु आपल्या येण्याने त्या घरातील बाईच्या कामात किती भर पडली, हे पहिल्या आठवड्यातच दिसते. तिला पाणी अधिक आणावे लागते, सरपण अधिक लागते आणि पाहुणा आजारी पडला तर त्याचीही काळजी वाहावी लागते. हा भार हलका कसा राहील आणि त्याचा मोबदला तिच्यापर्यंत कसा पोहोचेल, हे निघण्यापूर्वीच ठरवावे.

स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थेला पत्र लिहिताना तीन प्रश्न स्पष्टपणे विचारावेत. हे काम गावाने मागितले आहे का? आपण भरलेल्या शुल्कापैकी किती रक्कम यजमान कुटुंबाच्या हाती पडते आणि ती केव्हा दिली जाते? आपण गेलो नाही, तर तेच काम गावातील कोणी मजुरी घेऊन करील का? शाळेची भिंत बांधणे किंवा रंगवणे गावातील गवंड्याला आपल्यापेक्षा चांगले जमते, आणि त्या मजुरीवर त्याचे घर चालते. या प्रश्नांना गुळमुळीत उत्तरे देणारी संस्था सोडून द्यावी. १९७० मध्ये स्थापन झालेला संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम पात्रता पाहून निवड करतो आणि निर्वाहभत्ता देतो. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या ‘वूफ’ या उपक्रमात सेंद्रिय शेतीवर काम करावे आणि त्याच्या बदल्यात यजमानाकडे राहावे-जेवावे, अशी पद्धत आहे. शेतीची सवय असलेल्यांना हा मार्ग मानवतो.

अनाथाश्रमातील अल्पकाळाची स्वयंसेवा मात्र कोणीही स्वीकारू नये, असे माझे ठाम मत आहे. आईवडील हयात असलेल्या मुलांना शिक्षणाचे आमिष दाखवून शहरातील ‘अनाथाश्रमांत’ आणून ठेवायचे आणि परदेशी पाहुण्यांकडून देणग्या मिळवायच्या, असे प्रकार नेपाळमध्ये उघडकीस आले आहेत आणि युनिसेफनेही त्याविरुद्ध इशारा दिलेला आहे. संस्था प्रामाणिक असली, तरी दर महिन्याला नवा माणूस येऊन जीव लावतो आणि निघून जातो, याचे दुःख लहान मुलांनी का सोसावे?

भाषेची तयारी निदान काही आठवडे आधी सुरू करावी. सोलापुरात १९१० मध्ये जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तेथील भाषा बोलायला आणि लिहायला शिकले, आणि १९४२ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. शस्त्रक्रियेचे कौशल्य त्यांच्याकडे होतेच. रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलता येणे ही त्यांनी पुढे कमावलेली गोष्ट होती. मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच गल्लीत ऐकत वाढलेल्या सोलापूरकराला नव्या भाषेचे भय वाटण्याचे कारण नाही. नेपाळी तर देवनागरीतच लिहितात, त्यामुळे दुकानाची पाटी पहिल्या दिवसापासून वाचता येते. टांझानियात वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणून अभिवादन करतात आणि ते ‘माराहाबा’ म्हणून त्याचा स्वीकार करतात. एवढे शिकून गेलेल्या पाहुण्याकडे घर वेगळ्या नजरेने पाहते.

कागदपत्रांत दिरंगाई नको. नेपाळला जाण्यासाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाणाऱ्या प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असावेच लागते. १५ ते ६५ या वयातील व्यक्तीचे आधार कार्ड त्यासाठी चालत नाही. अनेक देशांत पर्यटक म्हणून प्रवेश घेऊन स्वयंसेवा करणेही बेकायदा ठरते, म्हणून कोणत्या परवान्यावर काम करायचे हे संस्थेकडून लेखी घ्यावे. केनिया किंवा युगांडाला जायचे असल्यास पीतज्वराची (यलो फीवर) लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी मान्यताप्राप्त केंद्रात घ्यावी. तिचे प्रमाणपत्र २०१६ पासून आजन्म ग्राह्य धरले जाते आणि ते जवळ नसेल, तर परतताना भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. हिवतापावरील प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

आता घराविषयी. नेपाळच्या डोंगराळ भागातील बऱ्याच घरांत दिवसाचे मुख्य जेवण, म्हणजे डाळ-भात, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास होते आणि पुन्हा संध्याकाळी. ताट मांडले जाते, वाढणारी आई चुलीपाशी बसून प्रत्येकाच्या ताटाकडे लक्ष ठेवते, भात संपत आला की न विचारता पळी पुढे येते, आणि ती स्वतः सर्वांत शेवटी जेवते. पाहुण्याने दर वेळी ‘अजून थोडे’ म्हटले, तर शेवटी कोणाच्या वाट्याचे कमी होते हे ओळखावे. पोट भरले की हात ताटावर आडवा धरून ‘पुग्यो’ म्हणावे. उष्ट्याचा विचार तेथे आपल्या जुन्या घरांइतकाच काटेकोर असतो: आपल्या ताटातले दुसऱ्याला देऊ नये, पाणी तांब्याला ओठ न लावता वरून प्यावे, आणि बोलावल्याशिवाय चुलीजवळ जाऊ नये. पूर्व आफ्रिकेत मक्याच्या पिठाचा उगाली आणि पालेभाजी रोज खावी लागते. शाकाहारी व्यक्तीने ते जाण्यापूर्वीच कळवावे. मान्यवर पाहुणा म्हणून कोंबडी कापल्यावर नकार दिल्यास त्या कुटुंबाचा मोठा खर्च वाया जातो.

काही दिवसांआड येणारे पाणी साठवून पुरवण्याची सोलापूरकरांची सवय येथे खरोखर उपयोगी पडते. अर्ध्या बादलीत अंघोळ करावी, स्वतःचे कपडे स्वतः धुवावेत आणि पाणी आणायला घरच्यांबरोबर जावे. पहिले काही दिवस मदतीला नकार मिळेल. तेव्हा हट्ट न धरता भाजी निवडण्यासारखे बसून करायचे काम मागावे. गप्पाही तेथेच होतात.

भेट म्हणून सोलापुरी चादर द्यावी, ती थंडीच्या गावात रोज वापरली जाते. शेंगा चटणी नेत असल्यास घरात कोणाला शेंगदाण्याचा त्रास नाही ना, हे आधी विचारावे. कडक भाकरी अनेक दिवस टिकते. प्रवासात आणि पोट बिघडल्यावर तिचा आधार होतो.

मुलींनी स्वतंत्र खोली, आतून लागणारी कडी आणि शौचालयापर्यंतची रात्रीची वाट यांविषयी निःसंकोच विचारावे. पाळीच्या दिवसांत त्या घरात कोणते नियम पाळले जातात, हे संस्थेतील स्थानिक महिलेकडून आधीच समजून घ्यावे आणि मान्य नसल्यास दुसरे घर मागावे. रुग्णालयात हलवण्याचा खर्च देणारा प्रवास विमा घ्यावा, आणि भारतीय दूतावासाचा क्रमांक मोबाइलबरोबरच वहीतही लिहून ठेवावा.

निघण्याच्या महिनाभर आधी आपले काम गावातील एखाद्या व्यक्तीच्या हाती द्यायला सुरुवात करावी आणि शेवटचे दोन आठवडे तिला ते एकटीला करू द्यावे. मुलांची छायाचित्रे पालकांना विचारल्याशिवाय कोठेही टाकू नयेत. पैसे पाठवण्याचे किंवा पुन्हा येण्याचे वचन भरल्या डोळ्यांनी देण्याचा मोह होतो; ज्याची तरतूद आधीच झालेली आहे, तेवढेच बोलावे.