ऐकलेला आरोग्यसल्ला वापरण्यापूर्वी कसा पारखावा

खोकला हटत नाही, अंगावर चट्टे उठतात किंवा पाठ धरते, तेव्हा बहुतेक माणसे डॉक्टरांकडे जाण्याआधी ओळखीच्या कोणाला तरी विचारतात, आणि ज्याला विचारले तो आपल्या अनुभवातून काहीतरी सुचवतो. हे सांगणे बहुधा आपुलकीपोटी असते आणि कित्येकदा ते उपयोगीही पडते. परंतु सांगणारा आपल्या आजाराविषयी बोलत असतो आणि ऐकणारा ते स्वतःच्या आजाराविषयी आहे असे समजून चालतो. हे दोन आजार एकच आहेत का, हे तपासण्याची रीत पुढे दिली आहे.

प्रथम धोक्याची लक्षणे पाहावीत

काही तक्रारी अशा असतात की त्यांत कोणाचाही सल्ला विचारत बसू नये. छातीत दाब किंवा आवळल्यासारखी वेदना येऊन सोबत घाम, धाप किंवा हाताकडे-जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर ते पित्त आहे असे कोणी कितीही खात्रीने सांगितले तरी तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. चेहऱ्याची एक बाजू ओघळणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून लक्षण पहिल्यांदा दिसले ती वेळ लिहून ठेवावी. आयुष्यात कधी झाली नाही अशी अचानक उठलेली डोकेदुखी, तापासोबत मान ताठ होणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास होणे, शुद्ध हरपणे आणि तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा अधिक ताप येणे, याही वेळी थांबू नये. जीव नकोसा वाटण्याचे विचार मनात येत असतील, तर तीही तितकीच तातडीची तक्रार समजावी.

हृदयविकाराचा झटका आल्यावर जोरजोरात खोकावे, पक्षाघात झाल्यास बोटांची टोके सुईने टोचून रक्त काढावे, असे सल्ले वर्षानुवर्षे हातोहात फिरत आले आहेत. या दोन्हींनी घरच्या घरी रुग्ण वाचतो याला आधार नाही, आणि त्यांत गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत.

आपली तक्रार आधी कागदावर उतरवावी

त्रास कधी सुरू झाला, नेमका कोठे आहे, कशाने वाढतो व कशाने उतरतो, ताप किती भरला, सध्या कोणती औषधे चालू आहेत आणि पूर्वीचे कोणते आजार आहेत, एवढे चार-पाच ओळींत लिहावे. पाठदुखी हा शब्द एकच असला तरी ओझे उचलल्यावर धरलेली पाठ आणि लघवीला जळजळ व थंडी वाजून आलेल्या तापासह दुखणारी पाठ यांचे कारण निराळे असू शकते. लिहिताना हा फरक स्वतःलाच दिसू लागतो.

अनुभव आणि अनुमान वेगळे करावेत

‘ती गोळी घेतली आणि चौथ्या दिवशी बरा झालो’ या वाक्यात गोळी घेतली आणि बरे वाटले, हा अनुभव आहे. गोळीने बरे वाटले, हे मात्र अनुमान आहे. साधी सर्दी बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआप ओसरते आणि तिच्यामागून राहिलेला खोकला तीन आठवड्यांपर्यंतही रेंगाळू शकतो. त्यातही माणूस उपाय शोधू लागतो तो त्रास अगदी टिपेला पोहोचल्यावर, म्हणजे तो उतरणीला लागण्याच्या सुमारास. त्या दिवशी जे काही घेतले असेल, त्यानेच गुण आला असे प्रामाणिकपणे वाटते. प्रतिजैविके विषाणूंवर काम करीत नाहीत, तरीही सर्दीवर ती सुचवणारे इतके लोक भेटतात त्याचे एक मोठे कारण हेच आहे. म्हणून सांगणाऱ्याला विचारावे की निदान कोणी केले होते, तपासणी झाली होती का, आणि औषध न घेता हाच त्रास पूर्वी कधी आपोआप गेला होता का. त्याला दुखावण्यासाठी हे प्रश्न नाहीत. बहुतेक जण मोकळेपणाने उत्तरे देतात.

औषधाचे व्यापारी नाव बाजूला ठेवून घटक वाचावा

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा असे मला मनापासून वाटते, कारण येथे होणारी चूक माणसाला जाणवतही नाही. पॅरासिटामॉल हे ताप व वेदनेवरचे चांगले आणि योग्य मात्रेत सुरक्षित औषध आहे. निरोगी प्रौढासाठी त्याची कमाल मर्यादा २४ तासांत ४००० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, एवढी मानली जाते; वजन कमी असल्यास, यकृताचा आजार असल्यास किंवा नियमित मद्यपान असल्यास ती याहून कमी ठेवावी लागते. अडचण अशी की सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांत आणि काही वेदनाशामकांतही पॅरासिटामॉलच असते. एकाने तापाची गोळी सुचवली, दुसऱ्याने सर्दीची, तिसऱ्याने अंगदुखीची, आणि तिन्ही एकदम घेतल्या, तर मर्यादा सहज ओलांडली जाते. यकृताला इजा होऊ लागली तरी पहिल्या दिवशी लक्षणे अगदी थोडी असतात किंवा मुळीच नसतात. यावर उतारा आहे, परंतु तो पहिल्या आठ तासांत दिल्यास सर्वांत गुणकारी ठरतो. म्हणून जास्त गोळ्या गेल्याचे लक्षात येताच, काही त्रास होत नसला तरी, रुग्णालय गाठावे.

खाजेवरच्या मलमाचेही असेच आहे. त्यात स्टेरॉइड असेल तर गजकर्णाची खाज व लाली दोन दिवसांत कमी होते, मात्र खालची बुरशी पसरत राहते आणि पुढे निदानही कठीण होऊन बसते. वेष्टनावर घटक नसलेली पुडी किंवा डबी कोणीही दिली तरी वापरू नये.

तोच उपाय आपल्या शरीराला चालेल का ते पाहावे

आयबुप्रोफेन हे वेदनाशामक एकाला निर्धोक वाटते म्हणून मूत्रपिंडाचा विकार, पोटातील व्रण किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्या माणसालाही ते चालेल असे नाही. गर्भारपणाच्या २० व्या आठवड्यापासून तर ते डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज घेऊ नये. मुलांच्या बाबतीत अधिक कडक राहावे. १६ वर्षांखालील मुलांना डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय अ‍ॅस्पिरिन देऊ नये, कारण विषाणूजन्य तापात त्याचा संबंध राय सिंड्रोम या मेंदू व यकृतावर आघात करणाऱ्या दुर्मीळ आजाराशी आढळला आहे. नैसर्गिक म्हणून सुचवलेल्या उपायालाही हीच कसोटी लावावी. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो.

याउलट काही सल्ले बिनदिक्कत स्वीकारण्याजोगे असतात. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे थंड वाहते पाणी सोडावे (बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये). नाकातून रक्त आल्यास पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा ते पंधरा मिनिटे न सोडता दाबून धरावा. जुलाब होत असताना क्षारसंजीवनी (ओआरएस) प्यावी, आणि तिची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा घ्यावा आणि मीठ वाढवू नये.

मुदत ठरवावी आणि डॉक्टरांपासून काही लपवू नये

घरगुती उपाय सुरू करतानाच तो कोणत्या दिवशी थांबवायचा हे लिहून ठेवावे. ताप तीन दिवसांत उतरला नाही, खोकला तीन आठवडे टिकला किंवा मध्येच नवे लक्षण दिसले, तर मुदत संपली असे समजावे. डॉक्टरांकडे जाताना सुरुवातीला लिहिलेला कागद न्यावा, आणि कोणाच्या सांगण्यावरून काय घेतले, किती घेतले व शेवटचा डोस किती वाजता घेतला, हे संकोच न करता सांगावे. औषधाचे नाव आठवत नसेल तर रिकामी पट्टी किंवा मलमाची नळीच सोबत न्यावी.